पाड्यावरची दंतसेवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा, हरसूल, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या भागांत स्वेच्छेने दंतसेवा देऊ इच्छिणाऱ्या डॉक्टरांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. त्यांना बोलावणारे शिक्षक आणि सरपंच यांनाही ती उपयोगी पडतील. रुग्णांकडून नेहमी येणारे काही प्रश्न शेवटी घेतले आहेत.

नाशिकमध्ये गल्लोगल्ली दातांचे दवाखाने आहेत. मग शिबिरांची गरज काय?

दवाखाने आहेत ते कॉलेज रोडला, गंगापूर रोडला, सिडकोत, नाशिकरोडला. प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्य नसतो. ही सोय ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयापासून सुरू होते, आणि तिथे एका दंतशल्यचिकित्सकाकडे अख्खा तालुका असतो. पाड्यावरच्या बाईला दाढ दाखवायची तर आधी डांबरी रस्त्यापर्यंत चालायचे, मग जीप किंवा एसटी पकडायची, रांगेत उभे राहायचे आणि परत यायचे. त्या दिवसाची मजुरी बुडतेच. साधी सिमेंट भरण्यासाठी एवढा खटाटोप कोण करणार? मग ती मेडिकलमधून गोळी आणते, दाढेवर मिश्री दाबते आणि दिवस ढकलते. गालाला सूज येऊन तोंड उघडेनासे झाले की मगच ती डॉक्टरसमोर येते. भरून वाचली असती ती दाढ तोपर्यंत काढावीच लागते. शिबिर हवे ते ही वेळ येण्याआधी तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी.

माझा खासगी दवाखाना आहे. महिन्यातला एखादाच रविवार देता येईल. त्याचा काही उपयोग आहे का?

आहे, आणि भरपूर आहे. आमचा आग्रह एकच: दर वेळी त्याच गावात जा. बारा महिन्यांत बारा गावे केली तर अहवाल छान दिसतो, पण दातांचे काम एका भेटीत संपत नाही. आज भरलेले सिमेंट सहा महिन्यांनी बघावे लागते. मिश्री सोडते म्हणालेल्या आजीला पुन्हा भेटून विचारावे लागते. पांढरा चट्टा दिसलेल्या माणसाने पुढची तपासणी केली की नाही, हे त्याच्या घरी जाऊनच कळते. दोनतीन गावे वाटून घ्या आणि किमान दोन वर्षे ती सोडू नका. पहिल्या शिबिराला लोक लांब उभे राहून बघतात. तेच डॉक्टर दुसऱ्यांदा आले की बायका पोरांना पुढे करतात, आणि तिसऱ्या वेळी स्वतः खुर्चीत बसतात.

नुसती तपासणी करून टूथपेस्ट वाटण्याची शिबिरे कृपया करू नका. तुमची दाढ किडली आहे, नाशिकला जा, एवढेच सांगायला डॉक्टर पाड्यावर येत असेल, तर दुखते आहे हे त्या माणसाला आधीच ठाऊक होते.

मग शिबिरात नेमके कोणते उपचार करावेत?

सफाई, लहानमोठ्या खड्ड्यांत सिमेंट भरणे, मुलांच्या नव्या दाढांवर सीलंट (खाचा बंद करणारा पातळ थर), कीड थांबवणारे औषध, साधे दात काढणे आणि तीस वर्षांवरील प्रत्येकाची तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी. तपासणी म्हणजे नुसते दात बघणे नव्हे. गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा, टाळू, ओठ हे सगळे उजेडात बघायचे आणि मान चाचपायची. दोन मिनिटे लागतात, पण पूर्ण दिवसात यापेक्षा मोलाचे काम दुसरे नाही.

रूट कॅनॉल, अक्कलदाढेची शस्त्रक्रिया, गाठीचा तुकडा तपासणीसाठी काढणे ही कामे शाळेच्या ओट्यावर करायची नाहीत.

वीज जाते, कॉम्प्रेसर चालत नाही. तरी दात भरता येतात?

येतात. ड्रिलशिवाय दात भरण्याची पद्धत १९८०च्या दशकात टांझानियात विकसित झाली. तिला थोडक्यात एआरटी म्हणतात. हाताच्या अवजारांनी मऊ झालेली कीड खरवडून काढायची आणि खड्डा ग्लास आयोनोमर सिमेंटने बंद करायचा. या सिमेंटमधून फ्लोराइड झिरपत राहते. बहुतेक वेळा भुलीचे इंजेक्शन लागत नाही आणि ड्रिलचा आवाजही नसतो, त्यामुळे आश्रमशाळेतली लहान मुले शांत बसतात. एकाच पृष्ठभागावरचा खड्डा असेल तर हे सिमेंट चांगले टिकते. दोन दातांच्या फटीत पसरलेल्या खड्ड्यात तेवढी खात्री नसते, आणि हे पालकांना आधीच सांगावे.

दुसरे साधन सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. ३८ टक्के द्रावणाचा थेंब लहान ब्रशने किडलेल्या जागी लावला की कीड पुढे सरकणे थांबते. ग्लास आयोनोमर सिमेंट आणि हे द्रावण या दोन्हींना जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. मात्र द्रावण लावलेली किडकी जागा कायमची काळी पडते. आईवडिलांना आधी फोटो दाखवा, काळेपणा समजावून सांगा आणि त्यांचा होकार घ्या. हे न सांगता लावले आणि पोराचे पुढचे दात काळे झाले, तर त्या गावात पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही. दात रात्री आपोआप ठणकत असेल किंवा कीड नसेपर्यंत पोहोचली असेल, तर हे औषध लावायचे नाही. साधारण सहा महिन्यांनी ते पुन्हा लावावे लागते. त्याच गावात परत जाण्याचा आग्रह आहे तो यासाठीही.

लोक म्हणतात, दुखते ना, काढूनच टाका. काढावा का?

शंभर वेळा हा प्रश्न येईल. लोकांच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे: डॉक्टर आज आहे, उद्या नसेल. पण वाचणारी दाढ केवळ मागितली म्हणून काढू नका. सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ अनेकांना दुधाची वाटते, म्हणून दहा वर्षांच्या मुलीची ती दाढ काढा असा आग्रह घरचे धरतात. तिथे थांबा, दाखवा, समजवा. दात मुळापासून हलत असेल, पू असेल, फक्त मुळे उरली असतील, तर काढणेच बरे. मधल्या परिस्थितीत रुग्णाला खरे पर्याय सांगा. नाशिकला तीन फेऱ्या मारून रूट कॅनॉल करणे त्याला जमणार आहे का, हे विचारा. जमणार नसेल तर दाढ काढण्याचा त्याचा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही.

दात काढण्यापूर्वी काय तपासावे?

रक्तदाब आणि साखर प्रत्येकाची, वय बघून सूट नको. रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तर दात काढणे पुढे ढकला आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पाठवा. आपल्याला रक्तदाब आहे हे अनेकांना आपल्या खुर्चीतच पहिल्यांदा कळते. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती परस्पर बंद करायला सांगू नका.

या भागात आणखी एक प्रश्न न चुकता विचारायचा: सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी झाली आहे का, कार्ड आहे का? हा आजार आदिवासी समाजांत अधिक आढळतो, आणि त्याच्या निर्मूलनासाठी २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. सिकलसेलच्या रुग्णाला दातातला जंतुसंसर्ग, उपाशीपोटी रांगेत तासन्‌तास बसणे, कमी पाणी पिणे यातूनही वेदनेचा झटका येऊ शकतो. अशा रुग्णाला आधी पाणी द्या, रांगेत पुढे घ्या. दात काढायचा असेल तर शिबिरात नको, त्याच्या डॉक्टरांशी बोलून रुग्णालयात करा.

अवजारे उकळून घेतली तर चालतील का?

नाही. उकळल्याने निर्जंतुकीकरण होत नाही. ऑटोक्लेव्हच लागतो: १२१ अंश तापमान, १५ पौंड दाब आणि किमान १५ मिनिटे. गॅसवर चालणारा कुकरसारखा ऑटोक्लेव्ह मिळतो, तो गाडीत मावतो. त्याहून सोपे म्हणजे दवाखान्यातच निर्जंतुक करून पाकिटबंद संच आणायचे, आणि जेवढे संच तेवढेच रुग्ण घ्यायचे. रांग कितीही लांब असो, संच संपले की काम थांबवायचे आणि उरलेल्यांना पुढच्या भेटीचे नंबर लिहून द्यायचे. पाड्यावरच्या माणसाला शहरातल्या रुग्णापेक्षा कमी स्वच्छता चालते असे मानणे आम्हाला मान्य नाही.

कचऱ्याचे काय?

एकही सुई, एकही रक्ताळलेला बोळा गावात राहता कामा नये. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ शिबिरांनाही लागू आहेत. काढलेले दात आणि बोळे पिवळ्या पिशवीत, सुया व ब्लेड पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात. सगळे परत आणून आपल्या दवाखान्याच्या नेहमीच्या कचरा गाडीला द्यायचे. शाळेमागे खड्डा खणून पुरणे किंवा जाळणे बंद.

मिश्री आणि तंबाखूबद्दल बोलले तर लोक नाराज होतात. कसे बोलावे?

आधी ऐका. मिश्री ही इथल्या कित्येक बायकांची सकाळची पहिली गोष्ट असते. लहानपणी दाढ दुखली म्हणून आईने लावली आणि मग सुटलीच नाही, असे त्या स्वतः सांगतात. त्यांच्यासाठी ते व्यसन नसून दात घासणे आहे. तिथे भाषण दिले तर मान खाली जाते आणि पुढच्या शिबिराला ती बाई येत नाही.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सुमारे २४ टक्के प्रौढ बिनधुराचा तंबाखू वापरतात असे आढळले. म्हणजे समोर बसलेल्या दर चौघांतला एक. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारी आणि सुटा तंबाखू सहज मिळतो.

आम्हाला उपयोगी पडलेली रीत अशी: आरसा हातात द्या. मिश्री जिथे दाबली जाते तिथली पांढुरकी, सुरकुतलेली जागा तिला स्वतःला बघू द्या. मग तीन बोटे उभी करून तोंडात जातात का ते करून बघायला सांगा. सुपारी-गुटखा खाणाऱ्या तरुणाची दोनच बोटे गेली की तो गप्प होतो. तोंड कमी उघडणे, तिखट झोंबणे, गाल आतून ताठ होणे ही सबम्यूकस फायब्रोसिसची लक्षणे आहेत. हा आजार पूर्ण मागे फिरत नाही, पण सुपारी सोडली तर वाढ रोखता येते, आणि पुढे कर्करोग होण्याचा धोका असल्याने लक्ष ठेवावे लागते. सोडायची इच्छा दिसली की १८००-११-२३५६ हा तंबाखूमुक्तीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक कागदावर लिहून द्या आणि आशाताईंना सांगा. मिश्रीऐवजी दात कशाने घासायचे, हेही त्याच वेळी हातात द्या. रिकाम्या हातांनी सवय सुटत नाही.

शिबिर कधी घ्यावे?

शहराच्या कॅलेंडरवर नाही. जुलैत भाताची लावणी असते, तेव्हा घरात फक्त म्हातारी माणसे आणि तान्ही पोरे. दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याची कितीतरी कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात आणि उन्हाळा लागेपर्यंत तिथेच राहतात. मग जानेवारीतले शिबिर पाड्यावर कशाला? ते बागेच्या मजूर वस्तीवर संध्याकाळी घ्या, बागायतदाराशी आधी बोलून. लोक जिथे आहेत तिथे जा. पाड्यावर जायचे तर लावणी आटोपल्यावर, भातकापणीच्या आधी. मात्र रस्ता आधी विचारून घ्या. आठवडे बाजाराचा दिवसही चांगला, कारण लोक तसेही खाली आलेले असतात.

आश्रमशाळेत काय करता येईल?

सर्वांत जास्त. मुले वर्षभर एका जागी राहतात, म्हणून पाठपुरावा शक्य होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतल्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी होते आणि तीत दातांची कीडही बघतात. त्या पथकाची यादी मागून घ्या, पुन्हा शून्यापासून सुरुवात नको. पहिली-दुसरीच्या मुलांची सहाव्या वर्षीची दाढ आणि सातवीच्या आसपास बारा वर्षांची दाढ सीलंटने बंद करा.

आणि रोजचे काम: रात्रीच्या जेवणानंतर सगळ्यांनी एकत्र दात घासणे. अधीक्षक किंवा स्त्री अधीक्षिका उभ्या राहिल्या तर हे चालते, नाहीतर आठवड्यात बंद पडते. पेस्ट फ्लोराइडची हवी, सुमारे १००० पीपीएम, आणि वाटाण्याएवढीच. घासून थुंकायचे, खळखळून चूळ भरायची नाही. राखुंडी, कोळसा, विटेची पूड या गोष्टी दात झिजवतात. कडुलिंबाच्या दातवणाला नावे ठेवू नका, पण त्यात पेस्टमधले फ्लोराइड मिळत नाही एवढे सांगा. शाळेबाहेरच्या टपरीवरच्या गोळ्या आणि पाच रुपयांच्या पुड्यांबद्दल मुख्याध्यापकांशी बोलणे हाही उपचाराचाच भाग आहे.

कवळी शिबिरात बसवून मिळेल का?

एका दिवसात नाही. माप, चावा, मेणावरची चाचणी, बसवणे आणि नंतर टोचते तिथे घासणे, अशा चारपाच भेटी लागतात. म्हणूनच बाजारात बसून तासाभरात दात चिकटवून देणाऱ्यांकडे लोक जातात. त्या प्लास्टिकखाली हिरडी कुजते आणि शेजारचे चांगले दातही हलू लागतात. त्याच गावात दर महिन्याला जाणारा गट मात्र कवळी नक्की देऊ शकतो. ती मिळालेल्या आजोबांना पुन्हा भाकरी चावता येते.

मोठा उपचार लागला तर रुग्णाला कुठे पाठवायचे?

आधी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, मग नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात किंवा पंचवटीतील केबीएच दंत महाविद्यालयात. चिठ्ठी देऊन मोकळे होऊ नका. कोणत्या दिवशी, कोणत्या खिडकीवर, कोणाला भेटायचे हे लिहा, आधारकार्ड आणि रेशनकार्ड सोबत न्यायला सांगा. एसटीत महिलांना २०२३ पासून निम्मे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे, हेही सांगा. तिकिटाच्या पैशांवरून बेत रद्द होतात. कर्करोगाचे निदान झाले तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार होऊ शकतात. साधी सिमेंट भरणे मात्र या योजनेत बसत नाही.

दोन आठवड्यांहून जास्त न भरलेली जखम किंवा लाल-पांढरा चट्टा असेल, तर शक्यतो एक स्वयंसेवक रुग्णासोबत जावा. एकटा पाठवलेला माणूस जिल्हा रुग्णालयाच्या दारातून परत फिरतो, हे आम्ही पाहिले आहे.

मी दंतवैद्य नाही. येऊ का?

जरूर या. नोंदणी, रक्तदाब मोजणे, दात घासण्याचे प्रात्यक्षिक, रांग सांभाळणे ही कामे कायम अपुरी पडतात. कोकणा किंवा भिली बोलणारी व्यक्ती तर सोन्याहून पिवळी. बीडीएसचे विद्यार्थी आणि इंटर्न यांनी नोंदणीकृत दंतवैद्याच्या देखरेखीखालीच रुग्णाला हात लावायचा.

फोटो काढावेत का?

विचारून, आणि उघड्या तोंडाचे चेहऱ्यासह कधीच नाही. मुलांचे फोटो पालकांच्या आणि शाळेच्या होकाराशिवाय समाजमाध्यमांवर टाकू नका.

मालेगाव आणि शहरातल्या वस्त्यांचे काय?

तिथेही गरज तेवढीच आहे. मालेगावच्या यंत्रमागावर पाळ्यांत काम चालते, त्यामुळे सकाळचे शिबिर रात्रपाळीवाल्याला जमत नाही. जागे राहण्यासाठी तंबाखू-सुपारी तोंडात असतेच. तिथे कर्करोगाच्या तपासणीवर भर द्या आणि वेळ पाळी सुटण्याची धरा.

(रुग्णांकडून) वरची दाढ काढली की नजर जाते का? सफाईने दात हलतात का?

दोन्ही नाही. डोळ्याची नस वेगळी, दाढेची वेगळी. सफाईनंतर दात हलल्यासारखे वाटतात, कारण कीटणाने ते एकमेकांना धरून ठेवलेले असतात. हिरडी आधीच सैल झालेली असते आणि कीटण निघाल्यावर ते जाणवते. तसेच ठेवले तर दात पडतात.

(रुग्णांकडून) पोटुशी बाईने दात दाखवावेत का?

दाखवावेत. चौथा ते सहावा महिना सर्वांत सोयीचा. सूज किंवा पू असेल तर महिना बघत बसू नये. पोटुशी असल्याचे डॉक्टरांना आधी सांगा.

(रुग्णांकडून) दात काढल्यावर रात्री रक्त आले तर?

थुंकीत लालसरपणा येणारच. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घट्ट घडी ओली करून त्या जागी ठेवा आणि अर्धा तास न बोलता, न थुंकता दाबून धरा. झोपताना डोके उंच ठेवा. चोवीस तास चूळ नाही, गरम नाही, तंबाखू-मिश्री-दारू नाही. एवढे करूनही थांबले नाही तर ग्रामीण रुग्णालयात जा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. शिबिराच्या चिठ्ठीवर डॉक्टरचा मोबाइल नंबर असलाच पाहिजे, आणि त्या रात्री तो डॉक्टरने उचललाच पाहिजे.

आमच्या गावात शिबिर हवे आहे. सुरुवात कुठून करायची?

ग्रामपंचायतीचे पत्र घ्या आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवा. आश्रमशाळा असेल तर आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची परवानगी लागते, ते कार्यालय नाशिकला किंवा कळवणला. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या सहीचे कागद आधी भरून ठेवा. आमच्यासाठी एक पक्के छत, भरपूर उजेड येणारी खोली, पिण्याचे पाणी, हात धुण्याची जागा, चार बाके आणि शक्य झाल्यास एक वीजजोडणी एवढे पुरते. हार, शाल, नारळ आणि भाषणे ठेवू नका, तो वेळ रुग्णांना मिळू द्या. आशाताई आणि अंगणवाडीताईंना आठ दिवस आधी सांगा. घराघरांत कुणाची दाढ ठणकते आहे याची यादी त्यांच्याकडे तोंडपाठ असते, ती कागदावर उतरवून आम्हाला पाठवली की त्या हिशेबाने अवजारांचे संच आणता येतात.